वाइपआउट ओमेगा कलेक्शन: मिसाइलसाठी घेतला, झोनमधे अडकलो

आधीच कबूल करतो, हा गेम मी चुकीच्या कारणासाठी घेतला. ट्रेलरमधे हवेत तरंगणाऱ्या शिप्स, मागून सुटणारी मिसाइलं, निळे-जांभळे स्फोट, आणि मला वाटलं झालं, आता भाच्याबरोबर रविवारभर एकमेकांना उडवत बसायचं. तीन महिने झाले, आणि आता असं आहे की मारामारीचे मोड उघडून किती आठवडे झाले तेही आठवत नाही. रोज रात्री जेवण झालं की एकच मोड, ज्यात ना शस्त्र ना प्रतिस्पर्धी, फक्त मी, ट्रॅक आणि वाढत जाणारा वेग. त्यावर येतोच, पण क्रमाने सांगतो नाहीतर कुणाला काही कळायचं नाही.

ज्यांना वाइपआउट माहीतच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लिव्हरपूलच्या सिग्नोसिस नावाच्या स्टुडिओने १९९५ मधे पहिला वाइपआउट काढला, सोनीच्या पहिल्यावहिल्या प्लेस्टेशनबरोबर युरोपात जे गेम आले त्यातला हा एक. चाकं नाहीत, जमिनीपासून वीतभर वर तरंगणाऱ्या रेसिंग शिप्स, ट्रॅकवर रंगीत पट्टे, त्यावरून गेलं की शस्त्र मिळतं नाहीतर स्पीड मिळतो. पुढच्याच वर्षी वाइपआउट २०९७ आला (ते साल नाही, गेमचं नाव), मग एकेक करत सोनीच्या हातात धरून खेळायच्या पीएसपीवर प्युअर आणि पल्स, प्लेस्टेशन ३ वर एचडी, त्याची फ्युरी नावाची पुरवणी, आणि २०१२ मधे पीएसपीच्या धाकट्या भावावर, व्हीटावर, वाइपआउट २०४८. त्याच वर्षी ऑगस्टमधे सोनीने तो स्टुडिओच बंद केला. म्हणजे गेम विकायला दुकानात आणि बनवणारे घरी. २०१७ मधे दुसऱ्या टीम्सनी एचडी, फ्युरी आणि २०४८ हे तिन्ही घासूनपुसून प्लेस्टेशन ४ साठी एका डिस्कवर आणले, तेच हे ओमेगा कलेक्शन. २६ ट्रॅक, ४६ शिप्स.

लहानपणी मी २०९७ खेळलोय, आमच्या गल्लीच्या टोकाला एक व्हिडिओ गेम पार्लर होतं, अर्ध्या तासाचे दहा रुपये, तिथे कंट्रोलरचं एक बटण कायम अडकलेलं असायचं आणि पार्लरवाला काका म्हणायचा की बटण ठीक आहे, तुझं बोट वाकडं आहे. तेव्हा मला एवढंच जमायचं की एक्स दाबून ठेवायचा आणि भिंतींना घासत घासत कसंतरी शेवटचं यायचं.

तर पहिल्या दिवशी पण तेच झालं. वीस वर्षं मधे गेली पण मी तोच, भिंती त्याच. कारण हा गेम गाडीच्या गेमसारखा खेळला तर वाट लागते. इथे ब्रेक नाही, एअरब्रेक आहेत, आणि ते दोन आहेत, कंट्रोलरच्या एल२ बटणाला डावा आणि आर२ ला उजवा. डावा दाबला की शिपच्या डाव्या बाजूला हवेचा अडथळा होतो आणि नाक डावीकडे ओढलं जातं. म्हणजे हे थांबायला नाहीयेत, वळायला आहेत. नुसत्या स्टिकने वळलात तर शिप नाक वळवते खरी पण अंग सरळच जात राहतं, पावसात चिखलावरून स्कूटर जाते ना तशी. आपला हँडल कुठे, गाडी कुठे. स्टिक आणि एअरब्रेक दोन्ही एकत्र, आणि तेही वळण यायच्या आधी, वळणात नाही.

हे मला कळायला चार दिवस लागले, भाच्याला चाळीस मिनिटं. तो नववीत आहे. वर मलाच सांगतो, "मामा, तू भिंत बघतोयस म्हणून भिंतीवर जातोयस, वळणाच्या पलीकडे बघ ना." मी म्हटलं तुला कुणी सांगितलं हे, तर म्हणे सायकल शिकवताना तूच ओरडायचास. गप्प बसलो.

पण खरंच आहे ते. घाटात एसटीचा ड्रायव्हर बघा, तो कधी समोरच्या कठड्याकडे बघत नाही, त्याची नजर पुढच्या वळणाच्या पलीकडे असते आणि हात आपोआप फिरत असतात. या गेममधे नेमकं तेच करावं लागतं. त्यात एअरब्रेक दोनदा पटकन दाबला की शिप आडवी सरकते, त्याला साइडशिफ्ट म्हणतात, ती जमली की घट्ट वळणात आतल्या बाजूला चिकटून राहता येतं. उंचवट्यावरून हवेत उडालात की स्टिक डावी-उजवी-डावी केली तर शिप कोलांटी घेते आणि खाली आल्यावर जोराचा धक्का मिळतो, पण त्याच्या बदल्यात शिल्ड, म्हणजे शिपचं कवच, कमी होते. इथे काहीच फुकट नाही, आणि हेच मला या गेमचं सगळ्यात आवडलं.

वेगाचे चार वर्ग, व्हेनम, फ्लॅश, रेपियर आणि फँटम. व्हेनममधे वाटतं की ह्या काय बैलगाडी, आणि फँटममधे पहिल्यांदा गेलात की शपथ सांगतो पापणी मिटायला पण वेळ नसतो. नवख्यांनी फैसार टीमची शिप घ्यावी, सांभाळून घेते. मी त्रायकिसवर होतो बरेच दिवस, ती दणकट आहे, भिंतीला घासली तरी चालते, पण त्या सवयीने हात बिघडतो. भिंतीला टेकून वळायची सवय लागते आणि मग दुसऱ्या शिपवर गेलं की फजिती.

आता शस्त्रांकडे येऊ, ज्याच्यासाठी मी पैसे टाकले. रॉकेट, मिसाइल, माइन्स, बॉम्ब, प्लाझ्मा, तोफ, आणि क्वेक, ज्यात ट्रॅकची जमीनच लाटेसारखी उठून पुढच्या सगळ्यांना उचलून आपटते. क्वेक बघायला कडक आहे, पहिल्यांदा सुटला तेव्हा भाचा सोफ्यावर उभा राहिला. पण खरी गंमत शस्त्र मारण्यात नाही, न मारण्यात आहे. कारण मिळालेलं शस्त्र फायर करायच्या ऐवजी दुसऱ्या बटणाने गिळून टाकता येतं, आणि ते गिळलं की शिल्ड भरते, जेवढं मोठं शस्त्र तेवढी जास्त. तर समजा शेवटची फेरी आहे, शिल्ड लाल झालीये, हातात क्वेक आहे आणि पुढे दोन शिप एका रांगेत चालल्यात. मारला तर तिसऱ्यावरून पहिला येऊ शकतो, पण मागून कुणी एक रॉकेट जरी टाकलं तरी खेळ खल्लास, रेसमधून बाहेर. गिळला तर जिवंत राहीन पण तिसराच राहीन. हा निर्णय अर्ध्या सेकंदात करायचा आणि तेवढ्यात वळण पण घ्यायचंय. अशा वेळी मी शंभरातून नव्वद वेळा मारतो आणि मरतो.

माझ्या पुण्याच्या मित्राचं याच्या उलट मत आहे, तो म्हणतो शस्त्रं हा या गेमला लागलेला डाग आहे, एवढी सुंदर शिप चालवायची आणि मधेच मागच्या कुणी आंधळं मिसाइल टाकून तुमची लय तोडायची याला काय अर्थ आहे. मला तेवढं टोकाचं वाटत नाही, पण २०४८ ची कॅम्पेन, म्हणजे एकट्याने एकेक रेस पार करत जायची मालिका, खेळताना त्याची आठवण रोज आली. तिथे ट्रॅक जुन्या शहराच्या रस्त्यांमधून जातात, ठिकठिकाणी फाटे फुटतात, वळणं अरुंद, आणि त्यात सात जण तुमच्या मागे हात धुवून लागलेले. तुम्ही पहिले असाल तर मागून सगळं तुमच्याच डोक्यावर येतं. एक रेस मी सलग अकरा वेळा हरलो, त्यातल्या निम्म्या वेळा शेवटच्या सरळ पट्ट्यावर, फिनिश लाइन डोळ्यासमोर दिसत असताना. बायको आतून म्हणाली, एवढा त्रास होतो तर खेळता कशाला. उत्तर नव्हतं. एलिमिनेटर म्हणून जो निव्वळ मारामारीचा मोड आहे तो चार मित्र जमले तर टाइमपास आहे, एकट्याने खेळायला मला तरी कंटाळवाणा वाटला. डिटोनेटर त्यापेक्षा बरा, ट्रॅकवर पेरलेले बॉम्ब फोडत जायचं असतं.

एक गोष्ट मात्र फार चांगली केलीये, पायलट असिस्ट. ते चालू ठेवलं की शिप भिंतीजवळ गेल्यावर हळूच स्वतःला आत ओढते. दिवाळीत सगळे जमले होते तेव्हा वहिनींनी, ज्यांनी आयुष्यात मोबाइलवरच्या कँडी सोडून काही खेळलं नाही, पायलट असिस्ट लावून आमच्या दादाला स्प्लिट स्क्रीनवर, म्हणजे एकच टीव्ही दोघांत वाटून, सलग दोनदा हरवलं. दादा म्हणाला असिस्ट होतं म्हणून. वहिनी म्हणाल्या, तुम्ही पण लावा की, कोणी धरलंय. दादाने लावलं नाही आणि तिसऱ्यांदा पण हरला.

आता झोन.

झोनमधे शिप आपोआप पळते, वेग तुमच्या हातात नाही. शस्त्रं नाहीत, दुसरी शिप नाही, फक्त वळायचं. ठरावीक वेळाने झोन एकने वाढतो, आणि प्रत्येक झोनला वेग थोडा वाढतो. भिंतीला लागलात की शिल्ड कमी. एखादा झोन कुठेही न घासता पार केला तर परफेक्ट झोन, त्याची थोडी शिल्ड परत मिळते. शिल्ड संपली की फुटलात, संपलं. एवढंच आहे. ऐकायला काहीच नाही ना? मी पण पहिल्यांदा पाच मिनिटं खेळून बंद केला होता, म्हटलं हे काय, स्क्रीनसेव्हर.

मग एकदा रात्री झोप येईना म्हणून लावला. पहिले पंधरा झोन आरामात, हात सैल, डोक्यात ऑफिसचे विचार चालू, उद्या कुणाला काय मेल टाकायचाय वगैरे. वीसच्या पुढे ऑफिस डोक्यातून गेलं. तिशीत आपण मुद्दाम वळतोय हे जाणवायचं थांबलं. आणि चाळीसच्या आसपास काहीतरी वेगळंच होतं, ट्रॅकचे रंग बदलत असतात, जांभळा, मग केशरी, मग पांढराशुभ्र, भिंतींवर गाण्याच्या तालावर पट्टे हलत असतात, आणि तुम्ही विचार केलात की मेलात. खरंच, "अरे वा मी पंचेचाळीसला पोचलो" असा विचार आला की पुढच्याच वळणाला भिंत. आजोबा माळ ओढायचे तेव्हा म्हणायचे मोजायला लागलास की जप सुटला, ते मला चाळिशीत प्लेस्टेशनवर कळलं, आता हसा.

प्रो टोझो, मॅलाव्होल, कॉरिडॉर १२, सिंकोपिया हे चार ट्रॅक तर मुळात झोनसाठीच बनवलेत, त्यांच्यात डोंगर-शहर असलं काही दिसत नाही, नुसत्या रेषा, प्रकाश आणि पोकळी. बाकीच्या ट्रॅकमधे व्हिनेटा के मला आवडतो, समुद्राखालून काचेच्या बोगद्यातून जातो. सोल २ ढगांच्या वर आहे आणि तिथे काही ठिकाणी कडेला भिंतच नाही, म्हणजे चुकलात की सरळ खाली. भाचा त्याला "कठडा नसलेला घाट" म्हणतो.

संगीताबद्दल. या मालिकेची ओळखच इलेक्ट्रॉनिक संगीत आहे, २०९७ च्या वेळी केमिकल ब्रदर्स, प्रॉडिजी ही तेव्हाची ताजी नावं गेममधे होती, आणि ते डिझाइन, ते लोगो शेफील्डच्या डिझायनर्स रिपब्लिकने केलेले, त्यामुळे ब्रिटनमधे हा गेम पोरांच्या खोलीतून बाहेर पडून थेट नाइटक्लबात पोचला होता. मूळ कल्पनाच म्हणे अशी निघाली की गेम बनवणाऱ्यांपैकी निक बरकोम यांनी सुपर मारिओ कार्ट खेळताना टीव्हीचा आवाज बंद केला आणि स्वतःचं टेक्नो लावलं, आणि त्यांना वाटलं की अरे, हे तर भलतंच भारी लागतंय. ओमेगात पण केमिकल ब्रदर्स, प्रॉडिजी, नोइसिया, स्वीडिश हाउस माफिया आहेत. नोइसिया झोनमधे अंगावर काटा आणतं. काही गाणी मात्र इतक्यांदा येतात की पंधरा दिवसांत पाठ होतात, मग मी बरकोमचाच उपाय केला. गेमचं संगीत बंद, पेनड्राइव्हवर ढोल-ताशा, प्लेस्टेशन ४ मधे बॅकग्राउंडला पेनड्राइव्हवरचं गाणं चालतं. नाद खुळा. पथकाचा ठेका चढतो तेव्हाच झोन चढतो, आणि मधे टोल पडला की शिप आपोआप वळते असं वाटायला लागतं. शेजारचे काका विचारायला आले गणपती आत्ता कुठले, तेवढं सोडलं तर तक्रार नाही.

दिसायला गेम आजही जुना वाटत नाही. सेकंदाला साठ फ्रेम, म्हणजे साठ चित्रं, आणि ते साठ अक्षरशः हलत नाहीत, इतक्या वेगात एक फ्रेम जरी अडखळली तर वळण गेलंच म्हणून समजा. मूळ एचडीच्या वेळी पण हाच हट्ट होता, प्लेस्टेशन ३ वर स्क्रीनवर गर्दी झाली की गेम गुपचूप चित्राची रुंदीकडची बारकाई कमी करायचा पण साठ सोडायचा नाही. एक सूचना गंभीरपणे, यात लखलखाट भयानक आहे. २००८ मधे एचडी उशिरा आला त्याचं कारणच ते होतं, प्रकाशाच्या झगमगाटाने फिट येणाऱ्यांसाठी जी चाचणी असते त्यात तो नापास झाला होता आणि दुरुस्त करावा लागला. घरात कुणाला तसा त्रास असेल तर हा गेम आणूच नका.

तक्रारी आहेत. पहिली म्हणजे हे कलेक्शन आहे, नवीन गेम नाही, आणि ते जाणवतं. तीन कॅम्पेन शेजारी शेजारी ठेवल्यात, एकीचा दुसरीशी संबंध नाही, २०४८ मधून एचडीत गेलात की शिपचं वजन, ट्रॅकचा स्वभाव सगळं वेगळं, दोन दिवस परत भिंती. गोष्ट वगैरे काही नाही, शिप चालवणारा कोण, कुठल्या टीमचं काय वैर, मॅन्युअल वाचायची सवय असलेल्या आमच्या पिढीला हे चुकल्याचुकल्यासारखं होतं. आणि नवखा माणूस आला तर त्याला एअरब्रेक नीट शिकवणारा एक धडा सुद्धा मला सापडला नाही, भाचा नसता तर मी दुसऱ्या आठवड्यात डिस्क विकली असती. ऑनलाइनच्या भरवशावर पण घेऊ नका, मी तर घरातच दोघांत स्प्लिट स्क्रीन खेळतो.

व्हीआर, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून गेमच्या आत बसल्यासारखं खेळायची सोय, २०१८ मधे फुकट अपडेटने आलं. पुण्याच्या मित्राकडे हेडसेट आहे, त्याच्याकडे बसून बघितलं. कॉकपिटमधे बसल्यावर पहिल्या उतारावर मी खरोखर सोफ्याचा हात धरला. त्रास कमी व्हावा म्हणून सेटिंग्ज आहेत, त्या आधी बघून घ्या आणि मिसळ खाऊन लगेच हेडसेट चढवू नका, एवढं सांगतो, पुढचं विचारू नका. हेडसेट जुनाच लागतो हां, प्लेस्टेशन ५ च्या नव्या हेडसेटवर हे चालत नाही. साधा गेम मात्र प्लेस्टेशन ५ वर चालतो.

कॉम्प्युटरवाल्यांसाठी ओमेगा नाहीच, तिथे बॅलिस्टिकएनजी बघा, मुद्दाम पहिल्या प्लेस्टेशनसारखं ओबडधोबड चित्र ठेवलंय आणि चालवायला त्याच जातकुळीचा आहे. मित्र रेडआउट नावाच्या अशाच एका गेमचा भक्त आहे, इटलीतल्या लोकांनी केलेला, त्यात एक स्टिक वळायला आणि दुसरी तिरपं व्हायला, त्याच्या मते त्यापुढे वाइपआउट म्हणजे सायकल रिक्षा. मला रेडआउट जास्त वेगवान वाटला आणि कमी मोकळा. आमचं यावर दर फोनला भांडण होतं. मोबाइलवर वाइपआउट रश म्हणून एक आला होता, त्यात शिप चालवायचीच नाही, दोन शिप जोडून मोठी शिप करायची. यावर मी काही बोलत नाही.

डिस्क मी सेकंडहँड घेतली, नऊशे रुपयांत. पहिली जी आली ती एका ऑनलाइन विकणाऱ्याने पाठवली होती, तिच्यावर मांजराने नखं मारल्यासारखे ओरखडे, परत करायला तीन आठवडे गेले. दुसरी ओळखीच्याकडून मिळाली. घेताना उजेडात तिरपी धरून बघा. पूर्ण किमतीला घ्यावी का, तर मारामारीचा गेम हवा असेल तर नको. झोनसाठी, हो.

प्रो टोझोवर माझा ५८ आहे, भाच्याचा ६१. शनिवारी त्याची घटक चाचणी संपतेय आणि ताईने फोनवर बजावलंय की पोराला रात्री दहाला झोपव. बघू.